काकूंचा डबा

खबर द्यायला आलेल्या मुलीचीच खबर टोळीच्या सूत्रधाराला मी स्वतः दिली. तीही आरतीनंतर, प्रसाद खात खात. पोलिसातल्या नोकरीतले माझे बाकीचे गाढवपणे सांगून मी लोकांना हसवतो. हा सांगत नाही.

२०१३ साल. क्राइस्टचर्चच्या दुकानांतून परफ्यूम, बाळांची दुधाची पावडर असा माल ठरवून चोरीला जात होता. तिथे शिकायला आलेली एक मराठी मुलगी एका शनिवारी पोलीस ठाण्यात आली. चकल्यांचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, डबे पोचवायच्या निमित्तानं बाहेर पडलेय. आम्हा मुलींकडून चोऱ्या करून घेतात. पासपोर्ट काढून घेतलेत. आज त्यांचं नाव विचारू नका, गुरुवारी येऊन सगळं सांगते."

चकल्या मी संपवल्या. डब्याच्या तळाशी काकूंचं नाव कोरलेलं. काकू म्हणजे रिकार्टन भागातल्या निम्म्या मराठी घरांना फराळ पुरवणाऱ्या. त्यांचा डबा कुणाकडे नसायचा? मला शंकासुद्धा आली नाही. रिकामा कसा द्यायचा, म्हणून घरची लिंबं भरली आणि रविवारी मंडळाच्या गणपतीत त्यांच्या हातात दिला.

"तुमच्याकडची मुलगी ठाण्यात ठेवून गेली. चकल्या फर्स्ट क्लास!"

"हो का? काही म्हणाली?"

"गुरुवारी येते म्हणाली."

गुरुवारी ती आली नाही. मराठी मुलींकडे चौकशी करत तिच्या खोलीवर गेलो तर सामान गायब, नुसती गादी. शेजारची मुलगी रडत म्हणाली, "काकूंनी नेलं तिला." तेव्हा माझी ट्यूब पेटली. वॉरंट घेऊन झडती घेतली. गॅरेजमध्ये चोरीचा माल, तांदळाच्या पिंपात मुलींचे पासपोर्ट. तिचा त्यात नव्हता.

चौकशीत मी टेबलावर हात आपटला. "मुलगी कुठे आहे?"

काकूंनी चष्मा पुसला. "भाऊ, ओरडू नका. गुरुवारचं मला तुम्हीच सांगितलंत. तुमच्या साहेबांना माहितीये का?"

साहेबांना मीच जाऊन सांगितलं. काकूंना शिक्षा झाली. मुलीबद्दल त्यांनी अखेरपर्यंत अवाक्षर काढलं नाही, आणि आम्हाला ती सापडली नाही. अनोळखी माणसावर संशय घ्यायला मला नोकरीनं शिकवलं होतं. ओळखीच्या माणसावरही घ्यायचा असतो, हे या केसनं शिकवलं. शिकून आता कुणाचं भलं होणार?

निवृत्त झाल्यावर तिच्या आईला जळगावला फोन केला, सगळं कबूल केलं.

बाई म्हणाल्या, "आपला माणूस दिसला म्हणून तुमच्याकडे आली. गोऱ्याकडे गेली असती तर आज घरी असती."