जर्मन साहेबांचा सुंठीचा चहा

कॅमेऱ्याचं चामडी कव्हर उघडण्याआधी मावशी त्यावर दोनदा टकटक करायची. शेजारणीच्या दारावर करावी तशी. "आत हायत का, साहेब?" असं विचारून क्षणभर थांबायची आणि मगच बटण काढायची.

बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर तिचा फोटो स्टुडिओ होता. मूळची ती समुद्राकाठच्या दातिवऱ्याची. नवऱ्यामागे दुकान तिनेच चालवलं. कामगारांच्या गेटपासचे फोटो ती नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढायची, पण त्याच्याशी चकार शब्द बोलायची नाही. बोलणी सगळी काचेच्या कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यांशी. म्हणजे ज्यांनी ते शोधून काढले, त्यांच्याशी. जर्मन साहेबांना दमा होता, मोठा कॅमेरा उचलून नेववेना, म्हणून त्यांनी खिशात मावेल असा केला. अमेरिकन साहेबांच्या छोट्या लेकीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? म्हणून त्यांनी जागच्या जागी फोटो बाहेर टाकणारा केला. हे नवऱ्याने तिला कधी तरी सांगितलेलं. ती मात्र असं सांगायची, जणू दोघंही कालच चहा पिऊन गेलेत.

मी कारखान्यात नोकरीला, आणि अंगात नाटकाचा किडा. एकदा गेटपासच्या फोटोसाठी तिच्या बाकावर बसलो होतो. फोटो झाल्यावर तिने जर्मन कॅमेरा पुसायला घेतला, टकटक करून "आत हायत का?" विचारलं आणि मला राहवलं नाही. दोनदा खोकलो आणि जड आवाजात म्हणालो, "आहोत. पण दम लागलाय."

तुम्हाला वाटेल, ती दचकली असेल. छे. मागे वळूनही न बघता म्हणाली, "जाम खोकता. चहात सुंठ घालू?"

झालं. तेव्हापासून पहिली पाळी सुटली की माझी दुसरी पाळी मावशीकडे. जर्मन साहेब शुद्ध मराठी बोलायचे. अमेरिकन साहेब हिंदी. बोईसरला बाहेरून आलेला माणूस दुसरं काय बोलणार? गिऱ्हाईक तोंड पाडून बसलं तर मावशी त्याला दटावायची, साहेब एवढे जर्मनीवरून आलेत, जरा दात तरी दाखव. चहाचा एक कप जास्तीचा यायचा, सुंठ घातलेला. तो साहेबांचा. पिणारा मी. मला सुंठ मुळीच आवडत नाही, पण कलेसाठी माणूस काय काय गिळतो.

मग एका दुपारी तिने अमेरिकन कॅमेऱ्यावर टकटक केली. तिच्या नागपूरच्या लेकीला बाळ झालं होतं आणि ती आईला कायमची बोलावत होती, एवढं मला ठाऊक होतं. मावशीने मला विचारलं असतं, तर मी सतरा कारणं दिली असती. तिथला उन्हाळा. तिथे ताजे बोंबील कुठले? हे दुकान कोण बघणार? पण तिने मला विचारलंच नाही.

"साहेब, तुमच्या पोरीनं इचारलं, तवा तुमी काय केलंत?"

थाप मारायची माझी पुरी तयारी होती. पण ही गोष्ट मला तिनेच सांगितलेली. तिच्यासमोर ती बदलणार कशी?

"बेटी ने पूछा," मी म्हणालो, "तो ना नहीं बोला गया."

मावशी बराच वेळ कव्हरचं बटण लावत राहिली. एरवी एका झटक्यात लागायचं ते.

"साहेब खरं बोलले," शेवटी ती म्हणाली. "नाटक्या, तुला इचारलं असतं तर तू नको जाऊ बोलला असतास."

दुकान बंद केलं त्या दिवशी अमेरिकन कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. मी ऐटीत बाकाच्या मधोमध बसलो, तर माझ्यावर खेकसली. "टोकाला सरक. सगळ्यांना बसू दे."

मी सरकलो.

दोन्ही साहेब आता नागपूरला असतात. तो फोटो माझ्या घरी कपाटाच्या दारावर आहे. रंग जरा पिवळट उतरलाय. लांबलचक बाक, आणि मी त्याच्या अगदी टोकाला, अर्धा अधांतरी, शेजारी बघून हसतोय. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, एवढा बाक मोकळा असताना असे कोपऱ्यात का बसलात?

मी सांगतो, दम्याच्या माणसाला जरा मोकळं बसावं लागतं.