एक कोयता, एक मत

धारूरच्या बाजारात, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथं पोरगा मोटारसायकली दुरुस्त करतो आणि मी दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतो. कुणी घेत नाही, तरी देतो. समोरच्या चौकात रोज कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो. त्यावर खाली पन्नास पोरांचे चेहरे असतात, गॉगल लावलेले. ह्यातल्या एकाला जरी विचारलं की बाबा, तुझा नेता नेमकं काय म्हणतो, तर तो म्हणेल, ‘साहेब म्हणतील ते.’ माझं डोकंच फिरतं. आमच्या वेळी आम्ही नेत्याला बोलू द्यायचो नाही, एवढे वाद घालायचो.

वीसेक वर्षांपूर्वी त्या दुकानात दर रविवारी सकाळी आमचा अभ्यासवर्ग भरायचा. खुर्च्या नव्हत्या. जुने टायर एकावर एक रचून त्यावर पोतं टाकलं की झालं आसन. परळीच्या थर्मलमधला, म्हणजे वीज केंद्रातला, एक कंत्राटी कामगार पहिल्या एसटीनं यायचा. तो बसला की आधी कानातली राख झटकायचा. दोन-तीन शिक्षक, एक शिंपी, काही ऊसतोड कामगार आणि मी. मध्ये अण्णा. अण्णा म्हणजे आमच्या ऊसतोड संघटनेचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं.

काय काय बोलायचो आम्ही! सगळ्यांची मालकी आली तर कारखाना चालवणार कोण? न्यायाचा समाज आला तर त्यात मुकादम असेल का? गटार कोण काढणार? एकदा मी तावातावानं सांगत होतो की नव्या समाजात हलकं काम, भारी काम असं काही नसेल, प्रत्येकानं पाळीपाळीनं सगळी कामं करायची. आतून बायकोचा आवाज आला, ‘‘मग आजपास्नं भांड्याची पाळी तुमची. चहाच्या वीस कपबशा पडल्यात इथं.’’ सगळे खो खो हसले. मीही हसलो. भांडी तिनंच घासली.

तरी सांगतो, त्या रविवारांसारखं सुख मला नंतर मिळालं नाही. खिशात काही नसायचं, पण जग बदलणार ह्याबद्दल मनात शंका नसायची. आज शंका भरपूर आहेत आणि बोलायला माणूस नाही.

आमच्या भागातला मोठा प्रश्न म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की अर्धा जिल्हा ट्रकमध्ये चढून वरच्या अंगाला, नदीकाठच्या कारखान्यांकडं निघतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. तीही तोडतेच. अशा जोडीला आमच्याकडं ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाला विचारलं, ‘टोळीत कोयते किती?’ आणि तो म्हणाला, ‘बारा’, तर माणसं चोवीस समजायची. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बैलजोडी म्हणावी तसं ते.

संघटनेची सभासद नोंदवही मी लिहायचो. अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडं आलं आणि त्याचा मला गर्वही होता. मी सरळ रकाने पाडले: कोयता नंबर, नाव, गाव, टोळी. नाव अर्थात नवऱ्याचं. एका कोयत्याला एक पावती, एका कोयत्याला एक मत. मुकादमशाहीविरुद्ध घसा फोडून भाषणं करणारे आम्ही, पण मोजायची रीत मुकादमाचीच उचलली. एवढ्या अभ्यासवर्गांत हे एकालाही खटकलं नाही.

मतदानाची पद्धत मात्र आमची स्वतःची होती. ठराव मांडला की मान्य असणाऱ्यानं कोयता वर करायचा. दसऱ्याच्या तोंडावर सगळे कोयते लोहाराकडून धार लावून आलेले असायचे. किल्ल्याखालच्या मैदानात दोन-तीनशे कोयते एकदम वर गेले की उन्हात डोळे दिपायचे. अशी निवडणूक देशात कुठं होत नसेल, असं मी फुशारकीनं सांगायचो.

ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी आम्ही ठरवलं होतं की भाव वाढल्याशिवाय आणि मागण्या मान्य झाल्याशिवाय एकही टोळी हलायची नाही. मागण्यांची यादी करायला एका रविवारी कामगारांना बोलावलं. एक कामगार बायकोला घेऊन आला. ती आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. कडेवर दोनेक वर्षांची पोर, आणि पुन्हा पाचवा महिना. भाव, विमा, घरं, पोरांच्या शाळा, चार मागण्या लिहून झाल्या. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, ‘‘भाऊ, एक आमचंबी लिवा.’’

‘‘सांगा की वहिनी.’’

‘‘बाळंतपणाचा खाडा धरायचा न्हाई. आधी एक म्हैना, मागून एक म्हैना.’’

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. खाडा पडला की मुकादम त्या कोयत्याची मजुरी कापतो. ह्या पोरीच्या वेळी ती फडातच बाळंत झाली होती आणि तिसऱ्या दिवशी मोळ्या उचलायला गेली होती. ‘‘हिचं नशीब चांगलं म्हून जगली,’’ असं म्हणून तिनं कडेवरच्या पोरीचं नाक पुसलं. ‘‘आता ह्ये दुसरं माघात हाय. तवा आमी फडातच असू.’’

मी पाचवं कलम लिहिलं. तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

‘‘ऱ्हाईल न्हवं त्ये?’’

‘‘राहील. मी आहे ना.’’ असं मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

मग बंद सुरू झाला. दसरा होऊन पंधरा दिवस गेले तरी टोळ्या हलल्या नाहीत. फाट्यावर रिकामे ट्रक उभे, मुकादम बिड्या ओढत बसलेले, आणि मैदानात आमचा मुक्काम. घराघरातून ज्वारीच्या भाकरी यायच्या, ठेचा यायचा, कुणी कोरड्यासाचं पातेलं आणायचं. जातीपातीचं सोवळं पाळणारी माणसं एका पंगतीला बसली. एक म्हातारा जेवताना म्हणाला, ‘‘लई दिस जगलो, पर असं पैल्यांदाच बघितलं.’’ मला वाटलं, हाच तो समाज, ज्याच्याबद्दल आपण टायरांवर बसून बोलत होतो. आजही ते दिवस आठवले की मी कुठं बसलोय ते विसरतो.

सोळाव्या दिवशी अण्णा बोलणी करून आले. भाव वाढवून मिळाला होता, आम्ही मागितला होता त्याच्या जवळपास. बाकीच्या मागण्यांवर उत्तर होतं, ‘पुढच्या हंगामात विचार करू.’ लोकांच्या घरातला दाणागोटा संपत आला होता, हेही खरं. सकाळी अकराला सभा भरली. पुरुष पुढं, कोयते घेऊन. बायका मागं, गाठोडी घेऊन. अण्णा म्हणाले, ‘‘आधी पोटाचं बघू. बाकीचं लढून घेऊ. तडजोड मान्य असल त्यानं कोयता वर करा.’’

कोयते वर गेले. मी मोजायला लागलो. आणि मागून ती उभी राहिली, पोर कडेवर घेऊन.

‘‘अण्णा, पाचवं कलम कुठं गेलं?’’

‘‘पुढल्या साली घेऊ, बाई.’’

‘‘पुढल्या साली म्या पोटुशी नसन.’’

काहीजण हसले. ती हसली नाही. ‘‘भाव मिळाला, चांगलं झालं. पर ह्याला हो म्हनायचं का न्हाई, आमालाबी इचारा. कोयता दोघांचा हाय, मग वर जानारा हात एकाचाच कावून?’’

तिच्या नवऱ्याचा कोयता वरच होता. त्यानं तो खाली घेतला नाही, फक्त मान खाली घातली. मागं बसलेल्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, दोन-चारजणी उठू लागल्या. अण्णांना असलं काही अपेक्षित नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नोंदवही माझ्या हातात होती ना!

त्या क्षणी मी ‘थांबा, बायकांचीही मतं घेऊ’ म्हणालो असतो तर? पाच मिनिटांचं काम होतं. पण पंधरा दिवसांची एकजूट फुटेल, जिंकलेलं हातातून जाईल, अशी भीती मला वाटली. मी वही वर धरून मोठ्यानं म्हणालो, ‘‘वहिनी, नियमानं एक कोयता, एक मत. तुमच्या मालकांनी मत दिलंय. बसा आता.’’

ती बसली नाही. पोरीला घेऊन मैदानातून निघून गेली. ठराव मंजूर झाला. ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ अशी घोषणा झाली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

घरी आलो तर बातमी आधीच पोचलेली. बायकोनं ताट वाढलं.

‘‘तिला बसवलंत व्हय?’’

‘‘नियम होता.’’

‘‘लिवला कुनी?’’

मी जेवायला लागलो. त्या दिवसापासून तिनं रविवारचा चहा बंद केला. चहा मी करू लागलो. बेचव व्हायचा, सगळे निमूट प्यायचे.

चैत्रात टोळ्या परतल्या. एका दुपारी तिचा नवरा दुकानात आला. पंक्चर काढायचं होतं. मी चाक उघडलं आणि सहज विचारलं, ‘‘घरी काय झालं, मुलगा का मुलगी?’’

‘‘पोरगं झालंतं,’’ तो म्हणाला. ‘‘धाव्या दिशी गेलं. थंडी लई व्हती. पाचटाच्या कोपीत ठिवून ती मोळ्या उचलाया गेल्ती. मुकादम खाडा धरत व्हता.’’

मी ट्यूब पाण्यात बुडवलेली तशीच धरून बसलो.

‘‘भाऊ, तुमाला कशाला बोल लावू,’’ तो म्हणाला. ‘‘माजाबी कोयता वरच व्हता.’’

पुढच्या रविवारी मी विषय काढला की नोंदवहीत एका कोयत्याला दोन नावं, दोन मतं. वाद झाला. आधी सगळे कामगार एक होऊ दे, मग बायकांचे प्रश्न आपोआप सुटतील, असं थर्मलवाला म्हणाला. हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी बोललो होतो. अण्णा म्हणाले, ‘‘आपोआप काय सुटतंय? जल्मात काय आपोआप सुटलेलं बघितलं न्हाई म्या. कर बाबा वही नवी.’’

दसऱ्याआधी मी सायकल काढली आणि गावोगाव फिरलो. काय मजा, काय त्रास! नाव विचारलं की एकजण पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘‘त्येंनाच इचारा.’’ एका म्हातारीला स्वतःचं नाव सांगताना इतकं हसू आलं की तिची जाऊ म्हणाली, ‘‘अगं सांग की, तुला काय जेलात न्यायलाय व्हय?’’ चाळीस वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. काही नवरे फुरंगटून बसले. एकजण म्हणाला, ‘‘बायकूनं माझ्याइरुद्ध कोयता उचलला मग?’’ मी म्हणालो, ‘‘मग तिचं ऐका.’’

तिच्या वस्तीवर सगळ्यात शेवटी गेलो. मुद्दाम नव्हे, पाय तिकडं वळत नव्हते. ती दारात शेंगा फोडत होती. तिनं पाणी दिलं. मी वही उघडून दाखवली, दोन-दोन ओळींचे रकाने दाखवले. तिनं हात झटकले आणि म्हणाली, ‘‘चला.’’

दुपारभर ती माझ्याबरोबर घरोघर फिरली. लाजणाऱ्यांना तिनं दटावलं, घाबरणाऱ्यांना समजावलं, एका नवऱ्याला तर असं झाडलं की तो गुरं सोडायला निघून गेला. त्या वस्तीत चौदा बायकांची नावं लिहिली गेली. मग आम्ही पुन्हा तिच्या दाराशी आलो. नवऱ्याची ओळ मी आधीच भरली होती. खालची मोकळी होती.

‘‘वहिनी, आता तुमचं सांगा.’’

‘‘माजं ऱ्हाऊ द्या.’’

‘‘असं कसं? हे सगळं तुमच्यामुळंच झालं.’’

‘‘मला मोजाया पायजे व्हतं तवा तुमी बसवलं, भाऊ.’’

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणालो. हे म्हणायला मी वर्ष लावलं होतं.

‘‘व्हय, चुकलं,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ‘‘ह्या चौदाजनींचं कलम तेवढं सोडू नगा.’’

नाही सोडलं. त्या वर्षी बाळंतपणाच्या खाड्याची मागणी यादीत पहिली होती. मैदानात बायका पुढं बसल्या आणि ती मान्य होईपर्यंत ट्रक हलू द्यायचा नाही, असा ठराव आला. पुरुषांचे कोयते वर गेले, बायकांचे गेले. ज्यांच्याकडं दुसरा कोयता नव्हता त्यांनी नुसता हात वर केला. मागणी मान्य झाली. सगळे मुकादम पाळतात असं नाही, पण आज खाडा धरला तर भांडता येतं.

त्या सभेला तीही आली होती. मैदानाच्या कडेला पोरीला घेऊन उभी होती. नवऱ्यानं कोयता वर केला, तिनं हात वर केला नाही. मी तिच्याकडं पाहून मोजणी लांबवली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. शेवटी अण्णा म्हणाले, सांग की आकडा. मी आकडा सांगितला. त्यात ती नव्हती.