पोत्यातलं खवले मांजर

मंडळी, धुळ्यातल्या सायबर कॅफेतून लिहिते आहे. खूप थकले आहे, पण हे आजच विचारायचं आहे.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ओळखीतल्या आबांच्या शेतात सकाळी खवले मांजर सापडलं. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून त्यांनी निरोप पाठवला. मी पोहोचले तेव्हा ते पोत्यात अंगाची गुंडाळी करून पडलं होतं. जिवंत होतं.

“याना खवलानी आंगठी करतस, ताई. बठ्ठा गाव मांगी राहिना,” आबा म्हणाले. अख्खा गाव त्यांच्याकडे खवले मागत होता.

मी सोडा म्हटलं आणि कारणही सांगितलं. उंदराची एखादी जात माणसाने संपवली, तरी तिच्या जवळच्या कितीतरी जाती उरतात. खवले मांजराच्या जगभरात मोजक्याच जाती आहेत आणि त्यांना जवळचं दुसरं कुणी नाही. त्या गेल्या, तर कोट्यवधी वर्षांत घडलेली उत्क्रांतीची एक अख्खी फांदीच जाते.

आबांच्या घरच्या अक्का म्हणाल्या, “मंग आम्हना आबासारखंच शे! त्यास्ले बी भाऊबंदस्मा कोणी इचारत नही.”

सगळे हसले, आबाही. त्यांनीच नाल्याकाठी पोतं मोकळं केलं. बऱ्याच वेळाने खवले मांजर उलगडलं आणि झुडपात गेलं.

आबांचा धाकटा भाऊ मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आला. “ताई, इतलं येगळं शे, ते भाव बी मोठा मिळी ना? यानं बीळ कसं वळखानं?”

मी वेगळेपण सांगत होते आणि त्याला किंमत ऐकू आली होती. “माहीत नाही,” मी म्हटलं. माहीत होतं.

सोडा म्हणताना तुम्ही आबांना कोणतं कारण सांगितलं असतं?