ताईची किडनी

कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. शिवून आलेले शर्ट उलटेसुलटे करून दोष काढायचे, हे तिचं काम. सुटलेला एक टाकाही तिच्या नजरेतून निसटत नसे. शिलाईवाल्या बायका तिच्या नावानं बोटं मोडत आणि दुपारी तिच्याच डब्यात हात घालत.

सात वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. थोरल्या बहिणीनं, ताईनं, मागचापुढचा विचार न करता आपली एक देऊन टाकली. शरीराला परकं काही खपत नाही, म्हणून त्याची लढायची ताकदच दाबून ठेवणाऱ्या गोळ्या हिच्या जन्माला चिकटल्या. तिनं ती किडनी तळहातावरच्या फोडासारखी जपली. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, रक्तदाब. रिपोर्ट हातात पडला की आधी ताईला फोन.

“तुझी मजेत आहे.”

“तिला म्हणावं, माहेरी यायचं नाव काढू नकोस,” ताई म्हणे.

मूल नवऱ्याला हवं होतं, आणि तिचा तर त्यासाठी जीव तुटत होता. दोन वर्षं किडनी नीट चालली की गोळ्या बदलून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ही आपली ‘अजून जरा रुळू दे’ म्हणत राहिली. ताईच्या वस्तूला धक्का लागला तर तोंड कुठं दाखवायचं, हे खूळ डोक्यात.

पुढे अंगावरून पांढरं जाऊ लागलं. मग पाळी नसतानाही डाग. गोळ्यांमुळे असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्यांच्या शिवणीतला टाका शोधणारी ही बाई. आणि किडनीच्या तपासणीत तरी कुणी विचारायला नको? सात वर्षांत एकानंही विचारलं नाही. संताप येतो तो याचा.

पस्तिशी उलटल्यावर, आता मूल हवंच म्हणून, ती बायकांच्या डॉक्टरांकडे गेली. त्या बाईंनी आधी तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग निघाला.

“तिथं एक विषाणू येतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बहुतेकींचं शरीर त्याला आपणच हुसकावतं. तुमच्या शरीराचे हात गोळ्यांनी बांधलेले. तुमची दरवर्षी तपासणी व्हायला हवी होती.”

“गोळ्या बंद केल्या तर?”

“किडनी जाईल. आणि हे काही जाणार नाही.”

गर्भाशय काढावं लागलं. मुलाचा विषय तिथंच संपला.

तिसऱ्या दिवशी ताई खाटेशी बसून तिचे केस विंचरत होती. “डाग कधीपासून दिसत होते गं?”

“झाले असतील चौदा महिने.”

ताईचा हात थांबला. “एवढे फोन केलेस मला. एकदाही बोलली नाहीस?”

ती खरंच गोंधळून गेली.

“त्यात काय सांगायचं होतं, ताई? तुझी किडनी ठणठणीत होती.”