चिन-फाचा नवस

चिन-फा ल्याव स्कूटर दुरुस्त करायचा आणि बोलायचा असा, की पलीकडच्या गल्लीलाही बिल कळावं. पण लेक घरात असली की हाच माणूस लोखंडी पाने फडक्यावर ठेवायचा, हवेचा पंप बंद करायचा, शटरसुद्धा हळू ओढायचा. यू-तुंग तेरा वर्षांची. कपात चमचा वाजला तरी तिला तो दातांत वाजल्यासारखा वाटायचा. शर्टाच्या मानेवरचं लेबल टोचून ती रडकुंडीला यायची. डॉक्टर म्हणाले, स्वमग्न आहे, तिच्या कानांना आणि कातडीला सगळं जास्तच लागतं. गाव म्हणालं, लाडावलीय. गावाचं काय जातंय बोलायला!

ती रात्ररात्र जागायची तेव्हा चिन-फा आमच्या समुद्रदेवीला, मात्सू आईला, नवस बोलला होता: पोरीला झोप लागू दे, तुझी पालखी दारात आली की दाराएवढी फटाक्यांची रास पेटवीन. घ्या! मागितलं लेकीसाठी आणि कबूल केलं नेमकं तेच, जे लेकीला सोसत नाही. पण आमच्या किनाऱ्यावर फटाक्यांशिवाय देवीला काही पोचतं, असं कुणाला वाटतच नाही. पुढं नवरा-बायकोनं जड गोधडी आणली, कपड्यांची लेबलं कापली, आणि पोर झोपू लागली. गोधडीमुळं की देवीमुळं, कोण सांगणार? चिन-फाच्या लेखी आई पावली होती, आणि नवस फेडायचा राहिला होता.

बेत पक्का होता. पालखी यायच्या दिवशी त्याची बायको शिऊ-लुआन मुलीला घेऊन डोंगरातल्या मावशीकडे जाणार. पण या पालखीला ठरलेली वाट नाही. आई ओढेल तिकडं भोई जातात. आदल्याच दिवशी दुपारी पालखी बाजाराच्या तोंडाशी थबकली, गर्रकन वळली आणि थेट त्याच्या गल्लीत शिरली.

मग काय विचारता! ढोल, झांजा, माणसंच माणसं. देवळाच्या मंडळातले बुन-तिक काका धापा टाकत पुढं आले. "अरे चिन-फा, नशीब काढलंस! आई आपल्या पायानं चालून आलीय. काढ माल बाहेर!" शेजाऱ्यांनी दुकानातली फटाक्यांची खोकी ओढून दारात रास रचलीसुद्धा. कुणीतरी चिन-फाच्या हातात पेटती उदबत्ती कोंबली.

शिऊ-लुआन जिन्यात आली, चेहरा पांढराफटक. "अहो, ती पलंगाखाली शिरलीय, डोकं आपटतेय. दाराशी हे वाजलं तर पळेल हो ती!" गेल्या वर्षी कुणाच्या तरी नव्या दुकानापुढचे फटाके ऐकून यू-तुंग सरळ हमरस्त्यावर धावली होती. ट्रक हातभर अंतरावर थांबला, म्हणून वाचली.

"मागच्या दारानं ने तिला."

"कुठं नेऊ? मागंही माणसंच आहेत."

एवढ्यात पालखी दारासमोर येऊन थांबली. "पेटव! पेटव!" गल्ली ओरडली.

चिन-फानं उदबत्ती पायाखाली विझवली. "काका, मला कौल लावायचाय."

आमचा कौल म्हणजे दोन लाकडी चंद्रकोरी. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. चिन-फा भर रस्त्यात गुडघ्यांवर बसला. "आई, फटाके नकोत. दुसरं काय हवं ते माग." दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे आई नुसती हसली, उत्तर नाही. त्यानं परत टाकल्या. दोन्ही पालथ्या. नकार.

ढोलवाल्यांचेही हात थांबले. काका त्याच्या कानाशी वाकले. "बघितलंस ना? देवीला दिलेला शब्द मोडलास तर तुला काही व्हायचं नाही, पोरीला भोगावं लागेल. पेटव बाबा, आटप."

नेमकी हीच भीती त्याला आतून खात होती. तो उठला, स्कूटर धुवायची नळी ओढली आणि राशीवर पाणी सोडलं. बायका किंचाळल्या. "अरे मेल्या, डोकं फिरलं काय तुझं!" लाल कागदाचा लगदा गटारात वाहू लागला.

"आई," तो म्हणाला, इतक्या हळू की काकांनाही कान द्यावा लागला, "तू नाही म्हणालीस, कळलं मला. तरी मी पेटवणार नाही. शिक्षा मला कर. नवस पोरीनं नव्हता केला, मी केला होता."

पालखी एकदा जोरात हलली आणि पुढं निघाली. रागानं की कशी, यावरून गावात अजून वाद होतात. काका त्याच्याकडं न बघताच गेले.

चिन-फा वर गेला आणि पलंगापाशी आडवा झाला.

"कधी वाजणार?" आतून यू-तुंगनं विचारलं.

"नाही वाजणार."

"कधी वाजणार?"

"भिजवले मी. सगळे भिजवले."

तिनं डोकं आपटणं थांबवलं. मग म्हणाली, "दाबा."

हळू हात लावलेला तिला भाजल्यासारखा लागायचा, घट्ट दाबलं की बरं वाटायचं. तो तेलकट कपड्यांनिशी आत सरपटला आणि तिचे खांदे सगळा जोर लावून दाबून धरले. देवीला नकार देऊन आला होता तो. आता काय होईल या धास्तीनं त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

"बाबा, तुम्ही हलताय," ती म्हणाली. "हलू नका."

चिन-फानं दात आवळले आणि जमेल तेवढा स्थिर राहिला.