सूज विरघळवणारी पुडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं. ही वही कधी कुणाच्या हाती पडलीच तर माफी असावी. चौथी झाली आणि शाळा सुटली. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या घरी सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. गरजच पडली तर मी दारातल्या बकरीला सांगायची, "बकरे, मामाजीचं पाणी तापलं." सासरेही तिलाच उत्तर देत, "सांग तिले, येतो म्हणा." घरातलं सगळं त्या बकरीला ठाऊक होतं.

त्या वर्षी माझ्या चार वर्षांच्या पोरीला गालगुंड झालं. दोन्ही गाल असे फुगले की डोळे शोधावे लागत. नवरा आलापल्लीकडे लाकूडतोडीच्या कामावर गेलेला. सासूबाई कुरखेड्याच्या बाजारात गेल्या आणि एका फिरत्या औषधवाल्याकडून सव्वा रुपयाची पुडी घेऊन आल्या. कुठलीही सूज असो, आतल्या आत विरघळते, असं त्याने त्यांना सांगितलं होतं.

"लहान लेकराले किती द्याची, इचारलं काय?" मी म्हटलं. सासूबाईंशी मी बोलत असे, पण एका वेळी एकच वाक्य.

"इचारलं ना! मोठ्याले चमचाभर, लहान्याले चिमूटभर. अन् लेकरू रडलं त अजून चिमूटभर. आज रातच्याले मधात देजो."

सासूबाई अंगणात गेल्यावर मी पुडी उघडली. पांढरट पूड, वास कच्च्या पपईच्या चिकाचा. जिभेच्या टोकाला जराशी लावली, तर थोड्या वेळाने जीभ चरचरायला लागली. माहेरी निबर मटण शिजवायचं असलं की आई त्याला कच्ची पपई चोळून ठेवायची, आणि तो चीक लागून तिच्या बोटांची सालं निघायची. हे सासूबाईंना सांगायचं तर निदान पाच वाक्यं लागणार. चुलीपुढे बसून मी ती पाठ केली. त्या आत आल्या आणि पाचही पळाली.

पण त्या आल्या त्या कापलेला कोंबडा घेऊन. आमचा म्हातारा कोंबडा भर दुपारी आरवायला लागला होता, म्हणून त्याला शिक्षा झाली. "शिजव," म्हणाल्या, "यायले खाऊ वाटून राह्यलं." सासऱ्यांच्या तोंडात दोनच दात होते आणि तेही एकमेकांसमोर नव्हते.

मी अर्धी पुडी त्या मटणाला चोळली, झाकून ठेवली आणि संध्याकाळी रस्सा केला.

सासरे पानावर बसले. त्यांनी तंगडी उचलली तर हातात नुसतं हाड आलं. मटण रश्शातच राहिलं.

"अरे बापा! कोंबडा हाय का लोणी?"

दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. सासूबाईंनी भांड्यात पळी फिरवली. "काय टाकलं वं यात?"

मी बकरीकडे तोंड केलं. "बकरे, सांग, बाजारची पुडी टाकली. एवढ्या निबर कोंबड्याचं असं झालं, त पोरीच्या कवळ्या जिभेचं काय होईन? गळ्याचं काय होईन?"

इतकं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "बकरे, तिले इचार, अन् माह्या पोटाचं काय होईन?"

"काई नाई होत, मामाजी! शिजवल्यावर माह्या माहेरी सारेच खात!"

बकरी राहूनच गेली. सासूबाई पुडीपेक्षा त्यानेच जास्त दचकल्या. पण पोरीला त्या रात्री पुडी दिली गेली नाही. तिला पातळ पेज पाजली, गालाला गरम मिठाचा शेक दिला. गालगुंड जसं आपलं आपण येतं तसंच गेलं.

पुढच्या बाजारी सासूबाई उरलेली पुडी घेऊन औषधवाल्यापुढे बसल्या. मी मागे पदर धरून उभी.

"मावशी, कोंबडा विरघळला म्हणता ना? मंग गुण आलाच की!"

"गुण कोंबड्याले आला. म्या नातीसाठी घेतली होती. तुह्या लेकराले देल्ली काय रे कधी?"

तो पुड्या मांडायला लागला. नीट मांडलेल्याच पुन्हा मांडल्या. आजूबाजूचं गिऱ्हाईक उठून चाललेलं पाहून त्याने बारा आणे काढले. बाकीचे पुढच्या बाजारी देतो म्हणाला.

पुढच्या बाजारी सासरेही आले, पिशवी धरायला म्हणून. पोर त्यांच्या खांद्यावर, गाल पहिल्यासारखे. सासूबाई बांगड्यांकडे वळल्या तसे ते औषधवाल्याकडे वाकले. "तेच औषध असन त एक दे गा. घरी अजून एक कोंबडा हाय."

"पहिले पैसे!" सासूबाई मागूनच ओरडल्या.

औषधवाल्याने आठ आण्यांची अधेली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दगडावर वाजवून पाहिली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "झाला सव्वा रुपया पुरा."