ताईचा गुडघा

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, जन्मभर एका खाजगी शाळेत गणित शिकवलं. लहानपणी आम्हाला सारख्याच वह्या मिळायच्या. दिवाळीपर्यंत तिच्या निम्म्या वह्या वर्गात वाटून झालेल्या असत, मग ती माझ्याकडे मागायची आणि मी मोजून चार पानं फाडून द्यायचो. आजही मी तसाच आहे. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. घरात एक दिवा उगाच जळत राहिला तरी मला चैन पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईचा उजवा गुडघा पार गेला. डॉक्टर म्हणाले, बदलावाच लागेल. तिच्याकडे पैसे नव्हतेच. मी एफडी मोडली आणि रक्कम तिच्या खात्यात टाकली. माझ्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं, हे मी कबूल करतो.

ऑपरेशनसाठी भरती व्हायचं त्या दिवशी सकाळी रजा टाकून तिला घ्यायला गेलो. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं, बॅग कुठे दिसेना. ताई ओट्याला टेकून पोहे परतत होती.

"अरे बैठ तो सही," ती म्हणाली. "आधी खाऊन घे."

"ताई, उशीर होतोय."

तिने गॅस बंद केला. "मी नाही येत. पैसे दिले."

शाळेतल्या आयाच्या नवऱ्याचा हात कामावर प्रेस मशीनमध्ये सापडला होता. ठेकेदार फोन उचलत नव्हता. हात वाचवायचा तर लगेच मोठं ऑपरेशन हवं होतं. आया रडत ताईकडे आली आणि ताईने होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं.

"आणि तुझा गुडघा?"

"दुखतोय ना कधीचा. अजून थोडा दुखेल."

"ते माझे पैसे होते, ताई!"

"तू मला दिलेस ना? मग माझे झाले."

मी तिला खूप बोललो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवावर मोठेपणा केलास, असंही म्हणालो. पोह्यांवर शेव आणि जीरावण मसाला घालून तिने बशी माझ्यापुढे ठेवली. मी न खाताच निघालो.

पुढे कळलं, त्या माणसाचा हात वाचला नाही. मनगटापासून काढावा लागला. ते ऐकताच माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं, की बघ, मी म्हणत होतो. तसं का वाटलं, याची लाज अजून जात नाही. ताईला मात्र पैसे फुकट गेले असं एकदाही वाटलं नाही. "कोशिश तो हुई," एवढंच म्हणाली.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेलो. म्हटलं, या वेळी पैसे मी सरळ हॉस्पिटलमध्येच भरतो, तू फक्त चल.

"नको रे," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्याकडून घेतलं की तुला फार त्रास होतो. बघितलं ना मी."

मी हात जोडले, माफी मागितली. बायकोला पाठवलं, डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. ती सगळ्यांशी गोड बोलते, चहा पाजते आणि नाही म्हणते. रागावलेली असती तर समजूत तरी घातली असती.

आता दर रविवारी मी तिची भाजी घेऊन वर जातो. मी वापस निघालो की ती मला सोडायला म्हणून जिन्यापर्यंत येते, कठडा धरून, एक पाय ओढत. गेल्या रविवारी म्हटलं, "ताई, एकदा विचार कर ना."

"आयाच्या मुलीची फी भरायची आहे या महिन्यात," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही मागत, घाबरू नकोस."

मी खिशात हात घातला. तिने नको अशी मान हलवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.